मेलेल्या माकडाला हात का लावायचा नाही?

फेब्रुवारीतली गोष्ट. काजूचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. दोडामार्ग तालुक्यातल्या एका वाडीत, घरांच्या मागे, फणसाच्या बुंध्याशी एक माकडीण मरून पडली होती. लाल तोंडाची. अंगावर जखम नाही, वरून विजेची तार गेलेली नाही, कुत्र्यांनी ओढल्याची खूण नाही. कुशीवर झोपावं तशी पडलेली.

मी गेली काही वर्षं जखमी प्राणी-पक्षी सोडवणाऱ्या मंडळींबरोबर फिरतो, म्हणून मला फोन आला. मी पोचेपर्यंत सात-आठ माणसं जमली होती. एकाने जीव आहे का हे बघायला काठीने ढोसलं होतं. दुसऱ्याने शेपटीला धरून पातेऱ्यातून, म्हणजे वाळक्या पाचोळ्यातून, मोकळ्या जागी ओढलं होतं. दोन पोरं अगदी तोंडाशी उकिडवी बसली होती. शेजारच्या काकी ताम्हनात हळदकुंकू, जास्वंदीचं फूल आणि नारळ घेऊन आल्या होत्या. मारुतीचं रूप ते, त्याला अंघोळ घालून, गुलाल लावून नीट मातीआड करायचं, अशी तिथली रीत.

मी लांबूनच फोनचा कॅमेरा जवळ ओढून बघितलं. माकडिणीच्या कानामागे आणि पापण्यांच्या कडेला करड्या रंगाचे ठिपके होते. काही तिळाएवढे, काही रक्त पिऊन ज्वारीच्या दाण्याएवढे फुगलेले. गोचिडी. मी सगळ्यांना आधी मागे व्हायला सांगितलं. काकींनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मगे ह्येका असाच टाकूचा काय?"

त्या प्रश्नात चूक काहीच नव्हती. मेलेल्या जिवाबद्दलची माया होती. पण रानातल्या प्राण्यांकडून माणसाला जे आजार होतात, त्यातले कितीतरी असेच होतात. प्राणी अंगावर धावून येत नाही, आपणच हात पुढे करतो. कधी मायेने, कधी कुतूहलाने, कधी शिकारीच्या मोहाने, तर कधी जीव वाचवायला. म्हणून त्या हाताचं काय होतं ते नीट समजून घेऊ.

प्राण्याच्या अंगातला जंतू माणसाच्या अंगात यायचा तर त्याला वाट लागते. तिकडून बाहेर पडायची एक आणि इकडे आत शिरायची एक. रेबीजचा विषाणू लाळेतून बाहेर पडतो आणि दाताने केलेल्या भोकातून आत जातो. लेप्टोचा जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात उतरतो आणि चिखलात काम करणाऱ्याच्या पायाच्या भेगांतून शिरतो. प्लेग पिसवांवर बसून येतो, क्वचित श्वासातूनही. वाट ठाऊक असेल तर ती बंद करता येते. ठाऊक नसेल तर माणूस दोनपैकी एक काहीतरी करतो: बिनधास्त हात घालतो, नाहीतर घाबरून प्राणीच मारायला निघतो. दोन्ही घातक.

आता त्या माकडिणीकडे येऊ. आमच्या भागात या आजाराला माकडताप म्हणतात, कन्नडमध्ये मंगन कायिले. शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी. १९५७ साली कर्नाटकातल्या, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या, शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसं कडक तापाने फणफणली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरकडे हे प्रकरण आलं. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, आपली एनआयव्ही. सुरुवातीला शास्त्रज्ञांच्या पोटात गोळा आला, कारण माकडं आणि माणसं एकाच वेळी मरतात हे पीतज्वराचं, म्हणजे यलो फीवरचं, लक्षण आणि पीतज्वर भारतात कधीच आलेला नव्हता. तपासाअंती निघाला तो एक नवाच विषाणू. त्याचे नातेवाईक थेट रशियातल्या जंगलांत, तिथल्या गोचिडींमध्ये सापडणारे. आजारी माकडाच्या शरीरातून तो मिळाला आणि ज्या जंगलातलं ते माकड, त्या जंगलाचं नाव आजाराला चिकटलं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. नाव माकडताप असलं तरी माकड हा या आजाराचा मालक नव्हे. विषाणूचं खरं घर म्हणजे गोचीड, आणि जंगलातले उंदीर-चिचुंद्रीसारखे छोटे प्राणी. माकड हे बिचारं आपल्यासारखंच मध्ये सापडतं आणि आपल्यापेक्षा जास्त मरतं.

गोचिडीचं आयुष्य समजलं की अर्धा आजार समजला. अंड्यातून सहा पायांची अळी निघते. ती एखाद्या प्राण्याचं रक्त पिते, गळून पडते, कात टाकते आणि आठ पायांचं पिल्लू होते. पिल्लू पुन्हा एकदा कोणाला तरी चिकटून रक्त पितं, गळतं आणि मोठी गोचीड होते. मोठी गोचीड बहुतेक करून गुरांवर जाते. म्हणजे एका जन्मात तीन जेवणं, तीही वेगवेगळ्या अंगांवर. पहिल्या जेवणात विषाणू आला की पुढच्या जेवणाच्या वेळी तो दुसऱ्याला देता येतो. माणसाला चावतं ते बहुतेक करून मधल्या टप्प्यातलं पिल्लू. ते इतकं बारीक असतं की तीळ म्हणून झटकाल, आणि चावताना दुखतही नाही. पावसाळा संपला, रान वाळायला लागलं की ही पिल्लं वाढतात. डिसेंबर ते मे हा त्यांचा काळ.

आता कोकणातला डिसेंबर ते मे आठवा. काजू-बी वेचायची ती याच दिवसांत. भाजावळीसाठी, म्हणजे शेत भाजायला, पातेरा गोळा करायचा, त्यासाठीच कवळ, म्हणजे झाडाच्या पानांच्या डहाळ्या, तोडायची, पावसाळ्याआधी लाकूडफाटा भरून ठेवायचा, गुरं रानात सोडायची. वर्षभरातलं रानातलं सगळं काम गोचिडीच्या पिल्लांच्या हंगामात येतं आणि ते काम वाकून, पाचोळ्यात हात घालूनच करावं लागतं. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात माकडताप आला. २०१६ साली सीमेच्या या बाजूला, दोडामार्गातल्या केर गावात रुग्ण सापडले. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांदा परिसरात. दोन्ही राज्यांत आजारी पडलेल्यांत काजूच्या बागांत काम करणारी माणसं पुष्कळ होती. हा आजार शिकाऱ्यांचा किंवा धाडशी लोकांचा नाही. सकाळी पेज पिऊन बागेत बी वेचायला जाणाऱ्या बाईचा आहे. मला त्याची चिंता वाटते ती त्याचमुळे.

मग मेलेलं माकड इतकं घातक का? माकड फांदीफांदीवरून फिरतं, जमिनीवर उतरतं, आणि अंगावर शेकड्याने गोचिडी गोळा करतं. त्याला आजार झाला की रक्तात विषाणू भरपूर वाढतो आणि ते रक्त पिणाऱ्या गोचिडी विषाणूने भरतात. माकड मेलं, अंग थंड पडायला लागलं की गोचिडी ते अंग सोडतात. जिथे माकड पडलं तिथल्या पातेऱ्यात त्या उतरतात आणि पुढच्या गरम अंगाची वाट बघत बसतात. पुढचं गरम अंग म्हणजे शेपटीला धरून ओढणारा माणूस. उकिडवी बसलेली पोरं. अंघोळ घालणाऱ्या काकी. शिवाय आजारी किंवा नुकत्याच मेलेल्या माकडाला उघड्या हाताने हाताळलं तर गोचीड न चावताही विषाणूला वाट मिळू शकते.

२०१२ च्या अखेरीस बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात हेच घडलं. तिथे माकडं मेली. जंगलात काम करणाऱ्यांनी ती उचलून जाळली. काम योग्य हेतूनेच केलेलं, पण हाताळणाऱ्यांपैकी काही जण तापाने आजारी पडले आणि तपासणीत माकडताप निघाला. तोवर हा आजार शिमोगा आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांपुरताच समजला जायचा. त्यानंतर एक-दोन वर्षांत तो निलगिरी, वायनाड, मलप्पुरम असा खाली पसरल्याचं दिसलं आणि मग वर गोव्याकडे, आपल्याकडे.

जंगल तोडण्याशीही याचा संबंध आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळतंगडी तालुक्यात काजू लावण्यासाठी दाट जंगल साफ केलं गेलं. त्यानंतर तिथे जी साथ आली ती या आजाराच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या साथींपैकी एक. दीड हजारांहून जास्त माणसं आजारी पडली. आजवर कधीही माणूस न गेलेल्या रानात कामगार आणि गुरं एकदम शिरली, म्हणजे गोचिडींपुढे ताट वाढल्यासारखंच झालं.

ताप कसा ओळखायचा? गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत अचानक, थंडी वाजून कडक ताप येतो. डोकं फुटेल असं दुखतं. अंग, विशेषतः कंबर आणि पोटऱ्या, ठेचून काढल्यासारख्या होतात. मग उलट्या-जुलाब, काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त. रक्तदाब उतरतो, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी होतात. बहुतेक माणसं दोन आठवड्यांत सावरतात, अशक्तपणा मात्र पुढेही रेंगाळतो. शंभरातल्या दहा-वीस जणांना, बरं वाटायला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप उलटतो. या वेळी डोकेदुखी, हात थरथरणं, दिसायला त्रास, भ्रम अशी मेंदूची लक्षणं दिसतात. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही, त्यामुळे घरातल्या रुग्णाला वेगळं टाकायचं काही कारण नाही. त्याची शुश्रूषा खुशाल करावी.

सुरुवातीची लक्षणं डेंग्यू, लेप्टो, मलेरिया कशातही खपून जातील अशी आहेत. म्हणून डॉक्टरसमोर बसल्यावर स्वतःहून एक वाक्य बोलायचं: "मी गेल्या पंधरवड्यात रानात गेलो होतो आणि तिकडे माकड मेलंय." माझ्या मते या आजारात याहून मोलाचं वाक्य नाही. डॉक्टर ताप बघतो, पण रान त्याला दिसत नसतं. हे कळलं तर तो रक्ताचा नमुना आरटीपीसीआरला पाठवेल. या विषाणूवर नेमकं औषध नाही. सलाइन, रक्तस्रावावर लक्ष, गरज पडली तर रक्तघटक, असे उपचार असतात आणि ते वेळेवर झाले तर माणूस वाचतो. अंगदुखीसाठी मेडिकलमधून मनानेच ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन आणून घेऊ नका. रक्तस्राव होऊ शकणाऱ्या तापात ती अंगाशी येतात.

लशीचं विचाराल तर कर्नाटकात अनेक वर्षं एक लस देत होते. तिचा परिणाम समाधानकारक नाही असं दिसत गेलं आणि ती थांबवली. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पुढाकाराने नव्या लशीचं काम चालू आहे. तोवर आपली भिस्त अंग झाकण्यावर.

ते मात्र आपल्या हातात आहे. बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, जमलं तर गमबूट. उघड्या हातापायांना गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी किंवा डेपा तेल चोळायचं. बाधित भागांत आरोग्य खातं हे तेल वाटतं, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. पातेऱ्यावर बसून डबा खायचा नाही. घरी आल्यावर कपडे खुंटीला न टांगता थेट कढत पाण्यात टाकायचे, साबण लावून अंघोळ करायची आणि अंग तपासायचं: काखा, कंबरेचा नाडा बसतो ती जागा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांच्या कडेने. पोरांचं अंग आईने तपासावं.

गोचीड चिकटलेली सापडली तर? आपल्याकडे तिला विडीने चटका देतात, रॉकेल लावतात किंवा ओढून काढून अंगठ्याच्या नखावर चिरडतात. गुरांच्या गोठ्यात वाढलेल्या माणसाला ती चिरडण्याचा 'टच' आवाजसुद्धा ओळखीचा असतो. हे सगळं टाळायचं. चटक्याने किंवा रॉकेलने गोचीड आपल्या पोटातलं उलट आपल्याच जखमेत ओकू शकते आणि चिरडल्यावर तिच्यातलं रक्त आपल्या बोटांना लागतं. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, गोचिडीला अगदी कातडीलगत धरायचं आणि न पिळता सरळ वर ओढायचं. मग जागा साबणाने धुवायची आणि तारीख लक्षात ठेवायची.

माकड मेलेलं दिसलं तर वनरक्षकाला, ग्रामपंचायतीला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे. तिथली माणसं हातमोजे वगैरे घालून नमुना घेतात, मृतदेहाची विल्हेवाट लावतात आणि साधारण ५० मीटरच्या परिघात गोचीडनाशक पावडर मारतात. तोवर आपण पोरं, कुत्री आणि गुरं तिकडे फिरकू द्यायची नाहीत.

या सगळ्यात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी ब्राझीलमध्ये पीतज्वराची साथ आली तेव्हा लोकांनी भीतीपोटी माकडंच मारली. आपल्याकडेही "माकडांमुळे ताप येतो, माकडं हटवा" असं बोलणं ऐकू येतं. काजूचं, केळीचं नुकसान होतं म्हणून राग आधीच असतो, त्याला हे निमित्त मिळतं. पण मेलेलं माकड ही आपल्याला मिळालेली पहिली खबर असते. माणूस आजारी पडायच्या आधी ती मिळते. खबर देणाऱ्यालाच संपवलं तर गोचिडी तिथेच राहणार आणि आपल्याला कळणार तेव्हा घरात रुग्ण असेल.

आता रेबीज. रेबीज म्हटलं की डोळ्यासमोर कुत्रा येतो आणि आपल्या देशात बहुतेक मृत्यू कुत्र्यांमुळेच होतात हे खरं. पण रेबीज कुठल्याही सस्तन प्राण्याला होतो: मुंगूस, कोल्हा, लांडगा, माकड, उदमांजर. पक्ष्यांना, सापांना, बेडकांना होत नाही.

एकदा विहिरीवरच्या जाळीत अडकलेलं मुंगूस सोडवताना आमच्यातल्या एका मित्राच्या तर्जनीत त्याचे दात घुसले. दोन बारीक भोकं, रक्ताचा एकच थेंब. तो म्हणाला, "काय नाय रे, हळद लावतो." आम्ही त्याला नळाखाली उभा केला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणाने हात धुवायला लावला. पाचव्या मिनिटाला तो वैतागला, दहाव्या मिनिटाला बोट सुरकुतलं. पण ती पंधरा मिनिटं म्हणजे अर्धा उपचार. रेबीजच्या विषाणूचं बाहेरचं आवरण साबणाने फुटतं. हळद, चुना, मिरची, तेल यातलं काहीही लावलं तर जखम नुसती झोंबते आणि विषाणू आत ढकलला जातो. टाकेही लगेच घालायचे नसतात.

पुढे लस. आपल्या देशातल्या मार्गदर्शक सूचनांनुसार वन्य प्राण्याचा चावा सरळ तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर गटात धरतात. त्यात लशीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. अनेकजण विचारतात, दोन्ही कशाला? लस शरीराला विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं बनवायला शिकवते, पण त्या शिक्षणाला आठवडा-दहा दिवस जातात. तेवढ्यात विषाणू नसांमधून मेंदूकडे निघालेला असतो. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडं. ती थेट जखमेत आणि जखमेभोवती टोचतात, म्हणजे विषाणू नसेत शिरायच्या आधीच गाठला जातो. मित्राला ती टोचताना दुखलं, बोटात जागाच किती असते! पण पोटात चौदा इंजेक्शनांचा काळ कधीच संपला. आता दंडात, ठरलेल्या दिवशी, मोजकीच इंजेक्शनं असतात. त्यातलं एकही चुकवायचं नाही.

"दहा दिवस प्राण्यावर लक्ष ठेवू, मेला तर इंजेक्शन घेऊ" हा हिशेब फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यासाठी आहे, आणि तोही लस सुरू करून. मुंगसाला, माकडाला, कोल्ह्याला तो लागू नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून इथे थांबून बघण्याला वावच नाही. जे कोणी नियमितपणे प्राणी सोडवायला जातात त्यांनी चावा बसायच्या आधीच तीन डोस घेऊन ठेवावेत. मग पुढे चावा बसलाच तर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, दोन डोसांत भागतं. घाटातल्या माकडांना हाताने चणे भरवणाऱ्या पर्यटकांनाही मी हेच सांगतो. भरवू नका. माकडाने ओरबाडल्यावर सहल तिथेच संपते.

प्लेगचं नाव काढलं की आपल्याकडे १८९७ चं पुणं आठवतं. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडून माळावर झोपड्या टाकायच्या, हे जुन्या पिढ्यांच्या बोलण्यात येतं. उंदीर मेला की त्याच्या पिसवा थंड अंग सोडून माणसावर येतात. माकड आणि गोचीड यांची गोष्ट पुन्हा तीच, फक्त पात्रं वेगळी. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग दिसला तो असाच पिसवांचा. पण प्लेगची आणखी एक वाट आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचलच्या शिमला जिल्ह्यात हाटकोटीजवळच्या एका गावातला माणूस शिकारीला गेला. त्याला एक आजारी रानमांजर मिळालं आणि त्याने ते सोललं. काही दिवसांत त्याला न्यूमोनियासारखा आजार झाला. तो होता फुफ्फुसाचा प्लेग, जो खोकल्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. घरातली, नात्यातली, इस्पितळातल्या संपर्कातली मिळून १६ माणसं आजारी पडली, ४ मेली. लवकर कळला तर प्लेग साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. इथे रोग कळायलाच वेळ गेला.

सोलणं, कापणं, आतडी काढणं यात हाताला बारीक चिरा पडतात आणि तोंडावर शिंतोडे उडतात. जंतूला इतक्या वाटा एकाच वेळी दुसऱ्या कुठल्याही कामात मिळत नाहीत. रानडुकराचं मांस नीट शिजलं नाही तर ट्रिकिनेला नावाच्या जंताच्या अळ्या माणसाच्या स्नायूंत जाऊन बसतात, ते वेगळंच. रस्त्यावर गाडीखाली सापडलेला ससा किंवा साळिंदर "ताजं आहे" म्हणून घरी आणणारे लोक मी पाहिले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहेच, पण त्या सशाला गाडीखाली येण्याइतकं मंद कशाने केलं, हा विचार कोणी करत नाही.

वटवाघळांबद्दल दोन शब्द. २०१८ साली कोझिकोड आणि मलप्पुरममध्ये निपा विषाणूने १७ जणांचा बळी घेतला, तेव्हापासून आपल्याकडेही वडा-पिंपळावर लटकणारी वटवाघळं हाकलायच्या मागण्या सुरू झाल्या. एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी २०२० च्या मार्चमध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, तेव्हा त्यांतही निपाच्या खुणा मिळाल्या. याचा अर्थ तिथे माणसं आजारी पडली असा नाही. केरळातले बहुतेक रुग्णही एकमेकांच्या आणि इस्पितळातल्या संपर्कातून आजारी झाले होते. करायचं काय? पाखरांनी, वटवाघळांनी उष्टावलेलं फळ खायचं नाही, पडलेलं पिल्लू उघड्या हाताने उचलायचं नाही, गुहेत शिरून धूर करायचा नाही. बाकी त्यांना त्यांच्या झाडावर राहू द्यावं. धूर, फटाके, झाड तोडणं यामुळे ती पांगून दहा ठिकाणी जातात.

पक्ष्यांचं थोडक्यात. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावल्याचं समोर आलं. एखादाच कावळा मेला तर कारणं पन्नास असतात, पण एका ठिकाणी चार-पाच पक्षी मेलेले दिसले तर फावड्याने कचऱ्यात न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. आणि जखमी पक्षी उचलायचाच असेल तर फडकं टाकून, खोक्यात ठेवून, नंतर हात धुवून. पक्ष्याच्या चोचीत आपल्या तोंडाने पाणी घालणारी हळवी माणसं मी बघितली आहेत. ते तेवढं करू नका.

फणसाखालच्या त्या माकडिणीचा नमुना गेला. अहवाल यायला दिवस लागले, आणि माकडताप नाही असा आला. वाडीतले दोघं-तिघं म्हणाले, उगाच घाबरवलंत. मी त्यांना एवढंच म्हटलं की अहवाल आला तेव्हा तुम्हाला कळलं, त्या दिवशी सकाळी तुम्हालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. ज्याने शेपटी ओढली होती तो मात्र पुढचे आठ दिवस रोज कपाळाला हात लावून ताप बघत होता. त्याच्या बायकोने मला तसं सांगितलं.

काकींच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच शोधलं. खात्याची माणसं येऊन, काम आटोपून, पावडर मारून गेली. त्या आखलेल्या जागेच्या बऱ्याच बाहेर, पाणंदीच्या तोंडाशी दगडाचा एक चिरा आहे. संध्याकाळी काकींनी त्या चिऱ्यापाशी दिवा लावला, जास्वंद वाहिलं, नारळ ठेवला आणि तिथूनच फणसाच्या दिशेने हात जोडले. पोरं त्यांच्या मागे उभी होती, पायांत मोजे चढवलेली.